अंगणातून मृग टिपताना

आमच्या अंगणात तुळशीवृंदावनापासून चार पावलांवर फरशीवर रंगानं काढलेल्या तीन फुल्या आहेत. ट्रायपॉडचे तीन पाय तिथं टेकवायचे. त्या जागी उभं राहिलं की रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड शेवग्याच्या बुंध्याआड जातो, शेजारच्या गच्चीची कड दक्षिणेचं आकाश फारसं खात नाही आणि उत्तरेला ध्रुवतारा मोकळा दिसतो. वाईच्या जवळ, गावाच्या कडेला आमचं घर आहे. ही जागा सापडायला मला एक अख्खा हिवाळा लागला. आता तिच्याइतकी मोलाची दुसरी गोष्ट माझ्या सामानात नाही.

इथून काढलेला मृग नक्षत्राचा फोटो घरी येणाऱ्यांना दाखवला की दोन प्रश्न ठरलेले. "कॅमेरा कुठला गं?" आणि थोड्या वेळानं, जरा दबकत, "हे रंग खरे आहेत का? डोळ्यांना तर असं काहीच दिसत नाही." पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे: कुणीतरी वापरून विकलेला जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि त्यावर ५० मिमीची साधी लेन्स. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, पण ते नीट कळलं की रात्रीच्या आकाशाची फोटोग्राफी जवळजवळ सगळी कळली.

डोळ्याची पाटी

आपला डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. अंधारातसुद्धा तो सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागापुरता प्रकाश गोळा करतो, मेंदूला कळवतो आणि पाटी पुसून टाकतो. म्हणून एकदा डोळे अंधाराला सरावले की त्यानंतर तुम्ही एखाद्या अंधूक ताऱ्याकडे तासभर बघत बसलात तरी तो जास्त ठळक होत नाही.

कॅमेऱ्याच्या सेन्सरचं तसं नाही. पावसाळ्यात पागोळ्यांखाली ओळीनं भांडी मांडतो, तसे त्यावर लाखो बारीक कप्पे असतात. शटर उघडं आहे तोवर प्रत्येक कप्प्यात प्रकाश पडत राहतो, आधीच्यात मिसळत राहतो. शटर मिटलं की कॅमेरा प्रत्येक भांड्यात किती जमलं ते मोजतो. फोटो म्हणजे त्या मोजणीची नोंद. बाकी सगळी उठाठेव, म्हणजे ट्रायपॉड, सेटिंग, सॉफ्टवेअर, एवढ्याचसाठी की थेंब ज्याच्या त्याच भांड्यात पडावेत आणि त्यात दुसरं पाणी मिसळू नये.

ही साठवण माणसाच्या हाती आली ती १८७०-८०च्या दशकात. त्याआधी फोटोसाठी काचेवर ओलं रसायन लावावं लागे आणि ते सुकायच्या आत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, काम उरकावं लागे. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स यानं जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि ही घाई संपली. पेशानं डॉक्टर असलेल्या हेन्री ड्रेपरनं ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळच्या आपल्या खाजगी वेधशाळेतून मृगातल्या तेजोमेघाचा, म्हणजे वायूच्या आणि धुळीच्या चमकत्या ढगाचा, पहिला फोटो घेतला. शटर ५१ मिनिटं उघडं होतं. तीनच वर्षांनी अँड्र्यू कॉमन या इंग्रज गृहस्थानं लंडनजवळ ईलिंगमधल्या आपल्या घराच्या बागेत उभारलेल्या ९१ सेंटिमीटर आरशाच्या दुर्बिणीतून त्याच तेजोमेघाचा ३७ मिनिटांचा फोटो काढला. दुर्बिणीला डोळा लावूनही जे तारे दिसत नव्हते ते त्या काचेवर उमटले होते. कॉमनचा व्यवसाय सांडपाण्याच्या कामातल्या इंजिनिअरचा. आकाशाच्या फोटोग्राफीतला हा एवढा मोठा टप्पा एका घराच्या बागेतला आहे, हे मला फार आवडतं.

आधी डोळ्यांनी

कॅमेरा बाहेर काढण्याआधी अर्धा तास नुसतं बसावं. बाहुली काही क्षणांत मोठी होते, पण अंधारात पाहणाऱ्या पेशींतलं रोडोप्सिन हे द्रव्य पुरेसं तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मध्ये एकदा फोनचा पडदा पाहिला की ते द्रव्य उडतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या पेशींना लाल प्रकाश फारसा कळत नाही, म्हणून टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटिन पेपर दोन-तीन घड्या करून रबरानं लावायचा. टॉर्च मात्र हवाच. रात्री झाडांमध्ये वावरताना पायात बूट आणि पुढे उजेड, यात तडजोड नको. आमच्याकडे ऊस आहे आणि उसात साप आहेत.

मृग शोधायला अवघड नाही. चार कोपऱ्यांना चार तारे, मध्ये एका ओळीत तीन. ती ओळ म्हणजे व्याधानं मारलेला बाण. बाणाची रेघ डावीकडे खाली वाढवली की व्याध, उजवीकडे वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि त्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. बाणाच्या जरा खाली तीन अंधूक ठिपके उभे दिसतात. मधला ठिपका इतरांसारखा टोकदार नाही, पुसट आहे. त्याच्याकडे थेट न बघता जरा बाजूला बघा, तो उजळ होईल, कारण नजरेच्या अगदी मध्यभागी अंधारात पाहणाऱ्या पेशी नसतात. हा पुसट ठिपका म्हणजे तेजोमेघ. नवे तारे जिथं जन्मतात असा वायूचा आणि धुळीचा ढग, सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूर. आज आपल्या डोळ्यात शिरणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा या मुलखावर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

कधी बघायचा? मृगशीर्ष नक्षत्राजवळ पौर्णिमेचा चंद्र येतो तो महिना मार्गशीर्ष. म्हणजे त्या महिन्यात मृग संध्याकाळी उगवून रात्रभर आकाशात असतो, हे महिन्याच्या नावातच सांगितलेलं आहे. पण त्यात एक मेख आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला पूर्ण चंद्र मृगाच्या शेजारीच बसलेला असतो, त्यामुळे फोटोला ती रात्र सगळ्यांत वाईट. फोटो काढायचा तो अमावास्येच्या आसपास.

माझं वेळापत्रक मी संकष्टीवर बसवलं आहे. संकष्टीची चंद्रोदयाची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली असते, साधारण साडेआठ-नऊच्या पुढेमागे. तिथून चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे संकष्टीनंतर चार दिवसांनी मध्यरात्रीपर्यंत आकाश अंधारं मिळतं. ते पुढच्या शुक्ल चतुर्थीपर्यंत आपलं. जानेवारीच्या मध्यात मृग रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत उंच येतो, आपल्याकडून क्षितिजापासून जवळजवळ ७० अंशांवर. इतक्या उंचावर हवेचा थर पातळ असतो आणि धूर-धूळ कमी.

पृथ्वी थांबत नाही

आता शटर ५१ मिनिटं उघडं ठेवलं तर? नुसत्या ट्रायपॉडवर तसं केलं तर ताऱ्यांच्या जागी रेघा मिळतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. हात लांब करून मूठ धरली तर मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते. म्हणजे तासाभरात आकाश दीड मूठ सरकतं. ऐकायला हळू वाटतं. पण ५० मिमीच्या लेन्समागे सेन्सरचे कप्पे इतके बारीक असतात की मृगातला तारा साधारण दर सेकंदाला एका कप्प्यातून दुसऱ्यात उडी मारतो. पागोळीच सरकायला लागली.

यासाठी फोटोग्राफर ५००चा नियम वापरतात. ५०० भागिले लेन्सची फोकल लांबी (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा), म्हणजे जास्तीत जास्त सेकंद. डीएसएलआरचा सेन्सर लहान आकाराचा असेल तर लांबीला आधी दीडनं किंवा १.६नं गुणायचं. माझ्या ५० मिमीला त्यातून सहा सेकंद येतात. नियम फिल्मच्या काळातला आहे, तेव्हाची फिल्म जाड दाण्याची होती. आजच्या सेन्सरवर सहा सेकंदांत तारे लांबट झालेले स्पष्ट दिसतात, म्हणून मी चारवर थांबते. कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी १८ मिमीची लेन्स असेल तर बारा-पंधरा सेकंद चालतात. ध्रुवाकडे कॅमेरा वळवला तर याहूनही जास्त, कारण तिथले तारे लहान वर्तुळात फिरतात. मृगाचा बाण मात्र जवळजवळ बरोबर खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर येणाऱ्या आकाशातल्या रेषेवर आहे, तिथं सरकण्याचा वेग सगळ्यांत जास्त. शिकण्यासाठी आपण नेमका पळणारा गडी निवडला आहे, पण तेजोमेघ इतका उजळ आहे की सोसतं.

चार सेकंदांत किती जमतं? लेन्सचं तोंड मी एफ २.८वर ठेवते, त्यामुळे कडेचे तारे पसरत नाहीत. ५० भागिले २.८, म्हणजे सुमारे १८ मिमीचं छिद्र. अंधारात पूर्ण उघडलेली तरुण डोळ्याची बाहुली सात मिमीची, म्हणजे क्षेत्रफळात लेन्स साडेसहापट मोठी. त्यात चार सेकंदांची साठवण. तरीही पहिला फोटो पाहून निराशाच होते: काळपट, तपकिरी झाक असलेलं आकाश, थोडे तारे आणि सगळीकडे रवा सांडल्यासारखे दाणे.

इथं नवीन माणूस आयएसओ वाढवतो. आयएसओ वाढवून प्रकाशाचा एक थेंबही जास्त येत नाही. जमलेलं मोजून झाल्यावर त्याला मोठं करून दाखवायचं, एवढंच त्याचं काम. दाणेही तेवढेच मोठे होतात. मी ८०० किंवा १६०० ठेवते आणि हात लावत नाही.

भजनातला सूर

मग ते ३७ आणि ५१ मिनिटांचं काय? ते तुकड्यांनी गोळा करता येतं, आणि आजच्या अंगणातल्या माणसाची खरी ताकद यातच आहे. चार सेकंदांचे तीनशे फोटो काढायचे. नंतर संगणकात प्रत्येक फोटोतले तारे एकमेकांवर बसवायचे आणि सगळ्यांची सरासरी घ्यायची. तीनशे चोक बाराशे सेकंद, वीस मिनिटांची साठवण झाली. याला स्टॅकिंग म्हणतात.

नुसती बेरीज झाली असती तर त्यात विशेष काही नव्हतं. पण दाणे कमी का होतात ते समजून घ्यायला हवं. देवळातल्या भजनाची आठवण करा. एकटा माणूस गातो तेव्हा त्याचा श्वास, खोकला, घसरलेला सूर सगळं ऐकू येतं. वीस जण तोच अभंग गातात तेव्हा सूर सगळ्यांचा एकच असतो, तो भरत जातो. चुका मात्र ज्याच्या त्याच्या वेगळ्या आणि वेगळ्या वेळी, त्या एकमेकांत विरून जातात. ताऱ्याचा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, दाणे दरवेळी वेगळ्या जागी. हिशेब असा: फोटोंची संख्या जितकी, तिच्या वर्गमुळाइतक्या पटीनं चित्र स्वच्छ होतं. १६ फोटोंनी चौपट, १००नी दहापट, ३००नी सतरापट. या हिशेबातच पुढची अडचण दडलेली आहे. सतरापटीची चौतीसपट करायची तर फोटो दुप्पट नव्हे, चौपट लागतात, म्हणजे बाराशे.

घरचं अंगण इथं कामाला येतं. पाचशे किलोमीटरवर जाऊन काढलेली एक रात्र सुंदर असते, पण एकच असते. अंगणात आज वीस मिनिटं, परवा अर्धा तास, पुढच्या अमावास्येला आणखी एक तास, असं एकाच चित्रात भर घालत जाता येतं. फरशीवरच्या फुल्या त्याचसाठी आहेत.

एका प्रकारची चूक मात्र कितीही जणांनी गायलं तरी विरत नाही. एखादा गडी प्रत्येक कडव्यात नेमक्या त्याच जागी चढतो. सेन्सरवरही काही कप्पे असे असतात. उष्णतेनं ते प्रकाश नसताना उजळतात आणि प्रत्येक फोटोत तिथंच. यावर उपाय म्हणजे फोटो काढून झाल्यावर लेन्सला झाकण लावून, तेच सेटिंग, तीच थंडी, असे वीस-तीस काळे फोटो काढायचे. त्यांना डार्क फ्रेम म्हणतात. त्यांत फक्त सेन्सरच्या खोडी उमटतात, त्या वजा करायच्या. ही उष्णतेची खोड दर सहा-सात अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होते, म्हणून एप्रिलपेक्षा जानेवारीतले फोटो स्वच्छ येतात. लेन्सच्या कडेचा काळोख आणि सेन्सरवरची धूळ घालवायला आणखी एक संच लागतो: लेन्सच्या तोंडावर स्वच्छ पांढरं सुती कापड ताणून, सकाळच्या सपाट उजेडाकडे धरून काढलेले फोटो. फोकस हलू द्यायचा नाही, एवढं पथ्य.

हे सगळं जोडणारी सॉफ्टवेअरं फुकट आहेत. डीपस्कायस्टॅकर आणि सीक्वेटर विंडोजवर चालतात, सिरिल जवळपास सगळीकडे. ताऱ्यांचे त्रिकोण जुळवून ती एक फोटो दुसऱ्यावर बरोबर बसवतात. एखाद्या फोटोत उपग्रहाची रेघ आली तर दोनशे नव्व्याण्णव साक्षीदारांविरुद्ध एकट्याचं काही न मानता ती गाळून टाकतात. कॅमेऱ्यात फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरनं मोजलेलं जसंच्या तसं, साठवायला हवेत, हे आधीच ठरवा. जेपेग करताना कॅमेरा अंधूक भागातलं बरंचसं परस्पर टाकून देतो, आणि आपल्याला हवं ते नेमकं तिथंच असतं.

सरासरी निघाल्यावर पडद्यावर पुन्हा काळंच दिसेल. घाबरू नका. सेन्सर प्रकाश मोजतो तो सरळ मापानं, दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा. तेजोमेघाच्या कडा त्या मापाच्या अगदी तळाशी असतात. तो तळचा भाग ताणून वर आणायचा आणि उजळ तारे जळू द्यायचे नाहीत, याला स्ट्रेचिंग म्हणतात. गुलाबी पंख पसरलेला तेजोमेघ पहिल्यांदा दिसतो तो या पायरीला. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि घरात सांगायला जागं कुणी नव्हतं.

तर, रंग खरे का?

खरे. तेजोमेघातल्या तापलेल्या हायड्रोजनमधून ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश येतो. तो आपल्या डोळ्यातही शिरतो. पण अंधारात पाहणाऱ्या पेशींना रंग कळत नाहीत, आणि रंग ओळखणाऱ्या पेशींना इतका मंद प्रकाश पुरत नाही. म्हणून डोळ्याला राखाडी, कॅमेऱ्याला गुलाबी. उलट, साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे बसवलेला फिल्टर या तांबड्या प्रकाशाचा बराच भाग अडवतो, म्हणजे फोटोत दिसतो त्याहून प्रत्यक्षात तांबडा जास्तच आहे. सॉफ्टवेअरमध्ये रंग हवे तितके भडक करता येतात आणि लोक करतात. मला ते पटत नाही. ताऱ्यांचे रंग तपासून बघावेत: मृगाच्या एका कोपऱ्यातला काक्षी नारिंगी आणि समोरच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा राहिला असेल तर बाकीचं साधारण ठीक आहे. हे दोन रंग तर नुसत्या डोळ्यांनाही दिसतात.

आभाळाचा उजेड

सगळ्यांत जिव्हारी लागणारा विषय शेवटी ठेवला आहे. ताऱ्यांच्या प्रकाशाबरोबर आपल्या भांड्यात दुसरा उजेडही पडत असतो: रस्त्यावरचे दिवे, गावाचा फिकट घुमट, पलीकडच्या मंगल कार्यालयाचे झोत. थेट येणाऱ्या उजेडावर इलाज आहे. शेवग्याचा बुंधा आहे, कपडे वाळत घालायच्या दोरीवर टाकलेली जाड चादर आहे. शेजारचे अण्णा गच्चीवरचा दिवा रात्रभर ठेवायचे. मी एकदा जाऊन त्यांना फोटो दाखवला आणि विचारलं, "अण्णा, अमावास्येच्या चार दिवसांत दिवा लवकर मालवाल का?" ते म्हणाले, "दहाला झोपतो मी. तेव्हा बंद करीन. तू तोवर थांब." मृग तरी साडेदहालाच माथ्यावर येतो. तेव्हापासून अडचण राहिली नाही.

पण हवेतून पसरून आलेल्या उजेडाला चादर लावता येत नाही. पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे बहुतेक प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास देत. तेवढाच पट्टा अडवणारा फिल्टर लावला की बरंचसं काम होई. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्याला असा फिल्टर चालत नाही. त्यात निळा भाग जास्त, आणि दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणानं निळा प्रकाश हवेत सर्वाधिक विखुरतो. दिवे बदलले, वीज वाचली, ते चांगलंच झालं. पण त्या दिव्यांना वरून टोपी असती आणि रंग उबदार असता, तर वीजही वाचली असती आणि आकाशही.

लोक म्हणतात, सॉफ्टवेअरनं तो उजेड वजा करता येतो ना? येतो. पण वजा होते ती त्याची सरासरी. प्रकाश थेंबाथेंबानं येतो, त्यामुळे या उजेडालाही त्याचे स्वतःचे दाणे असतात, आणि ते मागे राहतात. म्हणून आकाश दहापट उजळ असेल तर तितकंच स्वच्छ चित्र मिळवायला जवळजवळ दहापट वेळ लागतो. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून तेजोमेघ टिपता येतो, नक्की येतो. आमच्या वीस मिनिटांच्या जागी तिथं अनेक रात्री मोजाव्या लागतील, एवढंच. आणि जिथं मोजाव्या लागत नाहीत अशा जागा आपल्याकडे अजून आहेत. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

उत्तरेकडच्या देशांतल्या हौशी लोकांना आपला हेवा वाटावा अशी आणखी एक गोष्ट आपल्याकडे आहे. आकाशगंगेचं केंद्र धनु राशीत, खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला २९ अंशांवर आहे. लंडनहून ते क्षितिजाच्या वर जेमतेम साडेनऊ अंश येतं, एक मूठही नाही. आपल्या अंगणातून ४३ अंश. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चारला उठायची तयारी हवी.

हाताची कामं

फोकसवर माझी एक पूर्ण रात्र गेलेली आहे. लेन्सवरच्या 'अनंत' या, खूप लांबच्या गोष्टींसाठी असलेल्या खुणेवर विश्वास ठेवला आणि तीनशे फोटोंत तारे बत्ताशांसारखे आले. खूण अंदाजे असते. व्याधासारखा उजळ तारा पडद्यावर दहापट मोठा करून, तो बारीकात बारीक होईपर्यंत रिंग केसभर फिरवायची आणि मग तिच्यावर चिकटपट्टी लावायची. तासाभरानं पुन्हा तपासायचं, कारण थंडीनं लेन्स आकसते.

दुसरा शत्रू दव. निरभ्र रात्री लेन्सची काच आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते; मग तिच्यावर दव धरतं. फोटो हळूहळू धूसर होत जातात आणि आपल्या लक्षात येत नाही. काळ्या पुठ्ठ्याची नळी लेन्सपुढे लावली की काचेला दिसणारं आकाश कमी होतं आणि दव तासभर तरी लांबतं.

एका जोडणीसाठी मात्र सुताराकडे जरूर जा. दोन फळ्या बिजागरीनं जोडायच्या, बिजागरीचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखायचा, आणि बिजागरीपासून २२.९ सेंटिमीटरवर एम-६चा, म्हणजे सहा मिमी जाडीचा, आटे असलेला गज बसवायचा. त्याच्या आट्यांमधलं अंतर एक मिमी असतं. तो मिनिटाला एक फेरा फिरवला की वरची फळी पृथ्वीच्या वेगानं, उलट दिशेला उघडते. कॅमेरा त्या फळीवर. घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर हातानं गज फिरवत राहिलं तरी चाराच्या जागी साठ-सत्तर सेकंदांचे फोटो मिळतात. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून १८ अंशांच्या आसपास, म्हणजे दोन मुठींपेक्षा कमी उंचीवर असतो. जितका अक्षांश तितकी त्याची उंची. त्यामुळे अंगणाची उत्तर बाजू मोकळी आहे का, ते आधी बघा. आमच्या शेवग्याची एक फांदी त्यासाठी उतरवावी लागली.

ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनी थांबून राहू नये. २०१९ सालच्या पिक्सेल फोनपासून ताऱ्यांसाठी वेगळी सोय आली: फोन स्थिर ठेवला की तो पंधरा-सोळा सेकंदांचे फोटो घेत चार मिनिटं जमवतो आणि स्वतःच एकमेकांवर बसवतो. वर सांगितलेलंच भजन, पण त्याच्या त्यानं गायलेलं. बऱ्याच फोनच्या प्रो मोडमध्येही शटर दहा सेकंदांहून जास्त वेळ उघडं ठेवता येतं. फोन विटेला टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा. आकाश ओळखायला सोबत हवी असेल तर १९४४ पासून चालू असलेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. माणसं नसतील तर स्टेलॅरियम हे फुकट सॉफ्टवेअर.

मे संपता संपता कॅमेरा आणि लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह जातात. नाहीतर पावसाळ्यात काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उगवतात. त्यानंतर आठवड्याभरात, ७-८ जूनला, मृग निघतो. पेरणीचा मृग तो हाच. त्या दिवशी सूर्य मृग नक्षत्रात शिरतो, म्हणजे अख्खा हिवाळा जे टिपलं ते सूर्याच्या अंगावर, भर दुपारी डोक्यावर असतं आणि दिसत नाही. ऑगस्टच्या पहाटे तो पूर्वेला वर येतो, बहुधा ढगांमागे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री सव्वाअकराच्या सुमारास तो पुन्हा उगवतो. त्याआधी फरशीवरच्या फुल्या एकदा रंगवून घ्याव्या लागतात, पावसानं पुसट झालेल्या असतात.